वाकडा जोड

“आई गं!” तापलेल्या पट्टीचा चटका बसला नि ती कळवळली.

“भाजलं का?” मागून कोणी मराठीत विचारलं… परक्या देशातल्या या वेल्डिंगशाळेत, चार महिन्यांत पहिल्यांदा!

तो वरच्या वर्गातला, जोड तपासायला कालच आलेला. तिच्या बोटाला मलम लावून त्यानं भिंगातून तिची पट्टी न्याहाळली.

“इथपर्यंत सरळ. इथं हात थरथरला… मुखवट्याआड रडत होतीस?”

काळ्या काचेमागं कोणाला दिसत नाही, म्हणून तर ती रोज तिथं रडून घ्यायची! आईला फोनवर मात्र, “मजेत आहे गं.”

“तुम्ही ज्योतिषी आहात का?”

“छे! मीही असाच रडलोय. माझ्या जोडांपेक्षा गांडुळं सरळ होती.”

ती खुदकन हसली.

मग तिच्या पट्ट्यांवर खडूनं प्रश्न उमटू लागले. ‘जेवलीस?’ तिनं ‘हो’ लिहिलं की खाली, ‘खोटं!’

एकदा तिनं खिशातला कागद दाखवला. शिक्षण सोडून घरी जाण्याचा अर्ज. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं.

त्यानं तो वाचून परत दिला. “थांब म्हणणार नाही… पण आधी समुपदेशक बाईंना भेट. मीही जायचो.”

“तुम्हाला कळतंय की सगळं!”

“मला जोडातलं कळतं गं. मनाचं भिंग त्यांच्याकडे आहे.”

ती गेली. पहिल्या दिवशी नुसती रडली, पण मुखवट्याशिवाय. त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाली, “आई, मला इथं करमत नाही गं.”

“मग रोज सांगत जा,” आई म्हणाली. “मी कान काय नुसते डूल घालायला ठेवलेत?”

हळूहळू झोप आली, भूक लागली, हात स्थिरावला. दर सोमवारी बाईंकडे जाणं मात्र तिनं चुकवलं नाही.

आणि एके दिवशी तपासणीच्या टेबलावर एक वाकडी पट्टी दिसली. तिनं भिंग उचललं. “कोणाची ही?”

“माझी,” तो पुटपुटला. “काल तू अर्ज घेऊन ऑफिसकडे निघालीस ना… तेव्हाची.”

“अहो, कचऱ्याचा डबा तिकडेच आहे! फाडून टाकला मी तो.”

तो बघतच राहिला. तिनं खडू घेऊन पट्टीवर लिहिलं – ‘पास’.

“अगं, हे नियमात नाही…”

“गप रे,” ती लाजून म्हणाली, आणि ‘अहो’ कुठं गेलं ते दोघांनीही विचारलं नाही.