ऐकणारा

साकीनाक्याच्या त्या इमारतीत तळमजल्यावर लेथ मशीनं चालायची आणि वरच्या मजल्यावर गार्गी बसायची. जिन्यात तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे. काचेचं दार ढकललं की नुसता एसीचा गारठा. आपलं कामही कारखान्यातलंच आहे, असं ती म्हणायची. पट्ट्यावरून माल येतो, खराब तो बाजूला काढायचा. फरक इतकाच, की हा माल म्हणजे लोकांनी नेटवर चढवलेले व्हिडिओ होते. अमक्यांना मारा म्हणणारे, मारल्याचा अभिमान सांगणारे, तरण्या पोरांना हाक घालणारे. देव बदलत, झेंडे बदलत, शिव्या बदलत. संध्याकाळी पार्ल्याला घरी जाऊन ती आईशी मालिकेवरून भांडू शकत होती. म्हणजे आपलं डोकं अजून ठिकाणावर आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

ती क्लिप पहिल्यांदा आली तेव्हा तिला कंटाळवाणी वाटली. रिकामी भिंत आणि एका पुरुषाचा आवाज. झेंडा नाही, बंदूक नाही, आरडाओरड नाही. जेवायला बसलेल्याला आग्रह करावा तसा तो बोलत होता.

"तुझं कुणी ऐकत नाही ना?" मग थांबला. "माहीत आहे मला." पुन्हा थांबला.

शेवटी शेवटी कुणाची घरं पेटवायची आणि त्यात पाप कसं नाही, हेही त्यानं त्याच मायेनं सांगितलं. गार्गीनं क्लिप उडवली.

ती परत आली. मग परत.

एकदा काढलेला व्हिडिओ कुणी पुन्हा चढवला, तर यंत्रणा त्याचा ठसा ओळखून आपणच अडवते. ही क्लिप काही अडेना. गार्गीनं दोन प्रती शेजारी लावून पाहिल्या. शब्द तेच होते, फक्त मधले थांबे वेगळे. कुठे क्षणभराचा, कुठे चांगला लांबलचक.

"कुणीतरी हातानं कापतंय," शेजारच्या खुर्चीवरून देवव्रत म्हणाला. "ठसा चुकवायला. डोकं आहे साल्याला."

देवव्रत मुलुंडचा. वडील गेलेले, घरी तो आणि आई. ऑफिसात भांडण लागलं की काहीतरी पाचकळ बोलून मिटवणारा. आवाज मात्र झकास. त्यामुळे नुसतं उडवून भागत नाही, उत्तरही द्या, असं वरून आलं तेव्हा टीमच्या मुख्य बाईंनी, दर्शनानं, ते काम त्याच्याकडे दिलं. त्या आवाजाच्या नादी लागलेल्या पोरांना मागे फिरवील अशी छोटी फिल्म करायची होती.

"उत्तर द्यायचं तर आधी नीट ऐकायला नको का यार?" असं म्हणून देवव्रतनं हेडफोन चढवला.

तो ऐकतच राहिला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ऐकायचा. त्याचे विनोद कमी झाले, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट सगळ्यांना तो शहाणा झाल्यासारखा वाटला. कुणी बोलायला लागलं की तो मान किंचित कलती करून पुरतं ऐकून घेई. मग एका दुपारी गार्गीला दिसलं, की त्याचे ओठ हलताहेत.

"गोड खाल्लं की दातात कळ जाते. आईला नाही सांगितलं अजून," तो पुटपुटत होता. "सांगून काय होणार? तिला वाटतं मी मजेत आहे."

तिनं त्याच्या पडद्याकडे पाहिलं. रिकामी भिंत होती. क्लिप चालू होती. खालची रेघ टोकाला जाऊन टेकली होती, तरी सेकंदांचे आकडे पुढे सरकतच होते. देवव्रत बोलायचा थांबला. एक श्वास गेला, आणि हेडफोनमधून तो आवाज पुन्हा सुरू झाला.

तिनं त्याचा हेडफोन खेचून काढला. "वेडा आहेस का? कोणाशी बोलतोयस?"

"बोलत कुठे होतो?" तो हसून म्हणाला. "तालीम करतोय गं."

गार्गीनं दर्शनाला सांगितलं. दर्शनानं त्याला सुट्टी देऊ केली, डॉक्टरचा नंबर दिला. त्यानं दोन्हींबद्दल आभार मानले आणि फिल्म पुरी केली.

फिल्म खरंच चांगली होती. त्याचाच आवाज, मागे समुद्र. "थांब. घरी कुणीतरी वाट बघतंय तुझी." मग तो गप्प राही, पुन्हा बोले.

"हे पॉज एवढे लांब का ठेवलेस?" दर्शनानं विचारलं.

"त्यांनाही बोलू द्यायला हवं," देवव्रत म्हणाला.

फिल्म चढवली आणि पोरं ती बघू लागली. खाली लिहू लागली, की पहिल्यांदाच कुणीतरी आमचं ऐकलं. ऑफिसात पेढे वाटले गेले. गार्गीनं पेढा हातात घेतला, तेवढ्यात तिच्या पडद्यावर तांबडी सूचना उमटली.

यंत्रणेनं फिल्म अडवली होती. ठसा जुळला होता.

कशाशी जुळला, ते तिनं उघडून पाहिलं. ती रिकामी भिंत होती.

मूळ क्लिपची एकही प्रत जी यंत्रणा कधी ओळखू शकली नव्हती, तिनं देवव्रतचा आवाज बिनचूक ओळखला होता. गार्गी वळली. शेजारची खुर्ची रिकामी होती. हेडफोन नीट गुंडाळून ठेवलेला.

तो घरी पोचलाच नाही. पोलिसांनी जबाब घेतले, त्याचा लॅपटॉप नेला, फोन लागेना. शोध चालू आहे, एवढंच ते सांगत.

रविवारी सकाळी गार्गी मुलुंडला त्याच्या आईकडे गेली. कुंदाकाकू रडून रडून आजारी पडल्या असतील, अशा तयारीनं ती गेली होती. काकूंनी दार उघडलं ते न्हाऊन, स्वच्छ साडी नेसून.

"ये गं. बस. चहा ठेवलाय."

"काकू, तुम्ही एकट्या आहात. माझ्याकडे चला ना, आई पण म्हणत होती."

"नाही गं, बरी आहे मी." त्या तिच्याकडे बघून हसल्या. "पहिले दिवस वाईट गेले. आता बोलायला कुणीतरी असतं."

"कोण येतं?"

काकूंनी गॅस बंद केला. चहा गाळला. एक कप गार्गीपुढे ठेवला, एक स्वतःसाठी ओट्यावर. तिसरा बशीत घेऊन त्या देवव्रतच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

गार्गी तशीच बसून राहिली. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गादी झटकत होतं. खोलीतून काकूंचा आवाज आला. "हो." मग बराच वेळ काही नाही. "हो ना." पुन्हा काही नाही. मग त्या दबकत हसल्या.

उठून दार ढकलावं असं गार्गीला वाटलं. ती अर्धवट उठली.

काकू बाहेर आल्या. दाराच्या फटीतून पलंग दिसला, घडी न मोडलेली चादर दिसली. खोलीत कुणी नव्हतं.

त्यांच्या हातातला कप रिकामा होता. सिंकमध्ये तो विसळता विसळता त्या म्हणाल्या,

"साखर नको म्हणतो. दातात कळ जाते त्याच्या."