विसापर्यंत

सोळा महिन्यांनी पत्र आलं, तेव्हा पहारेकऱ्याची बायको म्हणाली, "आलं एकदाचं! मला वाटलं, तुमचा श्वास कायमचा थांबला की मगच येईल."

"तसं झालं असतं, तर वेळेवर आलं असतं," पहारेकरी म्हणाला. "शोकसंदेशाला सरकार उशीर करत नाही."

माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात त्याला झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली होती, तीही सकाळी दहाची. तो एका शीतगृहावर रात्रपाळीला होता. रात्र जागण्यात जायची आणि झोप दिवसा, म्हणून तपासणीही दिवसाच. झोपेत त्याचा श्वास थांबायचा. घोरणं चालू असायचं आणि मध्येच, कुणी दोरी कापावी तसं, सगळं बंद. मग बायको हातातलं शिवण टाकून कानोसा घ्यायची. ती शाळांचे गणवेश शिवायची. पण तो झोपला की शिलाई मशीनला हात लावायची नाही, कारण त्या खडखडाटात त्याचा श्वास ऐकू येत नसे. मशीन पुढच्या खोलीत धूळ खायचं आणि ती पलंगाशी बसून हातानं नुसती बटणं लावायची.

"रात्री पहारा तुम्ही देता, दिवसा मी देते," ती म्हणायची. "पगार मात्र एकालाच."

रुग्णालयात आधी अर्जाची खिडकी होती. चष्मेवाल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "आजार सेवेत असताना लागला, याला साक्षीदार कोण? तुमचा श्वास थांबताना कुणी पाहिलंय?"

"बायकोनं."

"बायको फौजेत होती का?"

"फौजेत नव्हती. पण हुकूम तिचाच चालतो."

कारकून हसला नाही. "सोबत नोकरी केलेला माणूस लागतो. रकाना रिकामा ठेवाल, तर अर्ज परत येईल."

पहारेकरी बराच वेळ पेन धरून उभा राहिला. मागे रांग होती, काठ्या टेकत खोकत होती. असा माणूस एकच होता. बर्फातल्या चौकीवर दोघांत एकच तंबू. सोबती पंचविशीतला, डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. तिथे हवा इतकी विरळ, की झोपेत भल्याभल्यांचा श्वास तुटायचा. म्हणून चौकीवर एक रीत होती. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून त्याच्या श्वासाकडे कान लावायचा. श्वास थांबला, की मोजायला सुरुवात. विसापर्यंत परत आला नाही, तर खांद्यावर दोन थापा. डावऱ्या डाव्या हाताने थापा मारायचा, अगदी हलक्या, दार वाजवावं तशा. त्याच्या हातमोज्यांना स्टोव्हच्या रॉकेलचा वास यायचा.

शेवटच्या रात्री पाळी पहारेकऱ्याची होती. डावऱ्याचा श्वास थांबला. त्याने मोजायला सुरुवात केली. अकरा मोजल्याचं त्याला आठवत होतं. पुढचं आठवत होतं ते थेट उजाडल्यावरचं.

अहवालात उंचीमुळे मृत्यू असं लिहिलं गेलं. अकराचा आकडा त्याने एकतीस वर्षांत कुणालाही सांगितला नव्हता, बायकोलाही नाही. त्याने साक्षीदाराच्या रकान्यात डावऱ्याचं नाव लिहिलं, त्याचा सैनिक क्रमांकही लिहिला. तो पाठच होता. कारकुनाने न वाचता शिक्का मारला.

झोपेच्या खोलीला काळे जाड पडदे होते. बाहेर लख्ख सकाळ, आत तिन्हीसांज झालेली. तपासणी करणारी मुलगी त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने त्याच्या डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या.

"काका, आता निवांत झोपा. मी शेजारच्या खोलीत आहे."

"एवढ्या दोऱ्यांनी बांधल्यावर निवांतच की. पळून कुठे जाणार?"

दिवा बंद झाला. बाहेर एक ढकलगाडी चाक करकरत लांब गेली, आणखी लांब गेली, आणि मग ती बर्फावरून जाऊ लागली. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. पांढऱ्यावर पांढरं पडत होतं. कुठून तरी रॉकेलचा वास आला. मग, एकतीस वर्षं येत होत्या तशाच, डाव्या खांद्यावर दोन थापा.

तो उठला, तेव्हा ती मुलगी कागदाची लांब पट्टी बघत बसली होती.

"काका, पाच तासांत दोनशे साठ वेळा श्वास थांबला तुमचा. आणि प्रत्येक वेळी बरोबर विसाव्या सेकंदाला सुरू झाला. एकोणीस नाही, एकवीस नाही. असं कुणाचं होत नाही... जणू कुणी मोजत बसलंय." तिने आवाज खाली आणला. "एक विचारू? दर वेळी तुम्ही डावा खांदा का हलवता? दोनदा..."

त्याने शर्टाची बटणं लावली. "सवय आहे."

"कसली?"

"फौजेतली."

महिन्याभरात झोपेत हवा देणारं यंत्र आलं. उशाशी ठेवायची एक पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकातोंडावर बांधायचा मास्क. आत एक कार्ड होतं. यंत्र किती तास वापरलं, श्वास कितीदा अडकला, सगळं त्यावर उमटायचं. तीन महिने रोज चार तास वापरलं, तर यंत्र कायमचं. नाहीतर परत जमा. पेटीला चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर रुग्ण म्हणून डावऱ्याचं नाव होतं.

"अहो, रकाने खालीवर झाले असतील," चष्मेवाला कारकून म्हणाला. "नाव बदलायचं तर नवा अर्ज. नवा अर्ज म्हणजे पुन्हा सोळा महिने. हवा देतंय ना? मग नाव कुणाचं का असेना."

पहिल्या दिवशी त्याने मास्क बांधला आणि सहा तास मेल्यासारखा झोपला. एकदाही थाप आली नाही. जाग आली तेव्हा अंग पिसासारखं हलकं होतं, आणि मन असं, जणू घरातलं कुणी न सांगता निघून गेलंय. पुढच्या खोलीतून खडखडाट येत होता. बायकोने कित्येक वर्षांनी त्याच्या झोपेत शिलाई मशीन चालवलं होतं. दाराशी येऊन ती म्हणाली, "दहा गणवेश झाले! काय गुणाचं यंत्र आहे हो. मी उगाच तुमच्या श्वासाला कान लावून बसत होते."

तिच्या चेहऱ्यावरची थकव्याची रेघ गेली होती. तिला काही सांगणं त्याला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या खोलीत गेल्यावर त्याने मास्क काढला. नाव ज्याचं, वस्तू त्याची, एवढंच त्याच्या मनात होतं. ज्याला हवा कमी पडली, त्याला ती सरकारने एकतीस वर्षांनी पाठवली होती. आपण मध्येच का हात मारायचा? बायकोच्या रिकाम्या उशीवर त्याने मास्क ठेवला आणि पेटी सुरू केली. हवा सूं करत उशीवर सांडू लागली. तो त्या उशीकडे तोंड करून पडला. डोळा लागता लागता ती सूं तुटली, परत आली, तुटली, परत आली. लांब, सावकाश, झोपलेल्या माणसासारखी.

खांद्यावर दोन थापा आल्या. तो झोपेतच हसला.

मग रोजचं तेच झालं. पुढच्या खोलीत मशीन, इकडे यंत्र, आणि मध्ये बर्फ. काही आठवड्यांनी थापा उशिरा येऊ लागल्या. मग दोनाऐवजी एक. मग तो आपणच धडपडून जागा व्हायचा, तोंड कोरडं, छातीत घण. शेजारी मात्र श्वास संथ चाललेला असायचा. झोपू दे बिचाऱ्याला, तो म्हणायचा. फार जागलाय.

तीन महिन्यांनी रुग्णालयातल्या त्या मुलीने कार्ड तपासलं आणि तिचा चेहरा उजळला.

"नव्वदपैकी नव्वद दिवस! रोज सहा तास. पहिल्या दिवसापासून एकदाही श्वास अडकलेला नाही. मास्क इतका घट्ट बसतोय, की हवा कुठूनही गळत नाही. काका, इथे लोक मास्क खुंटीला टांगतात आणि माझ्याकडे येऊन थापा मारतात. तुमचं कार्ड दाखवणार आहे त्यांना."

मास्क पहारेकऱ्याने एकच दिवस बांधला होता.

"फक्त एक..." ती संगणकाच्या पडद्याजवळ वाकली. "तुमचं वय एकसष्ट ना? पहिला दिवस सोडला, तर हा श्वास त्या वयाचा वाटत नाही. चोवीस-पंचवीसचा मुलगा गाढ झोपलाय असं वाटतं." मग ती हसली. "यंत्रानं तरुण केलं तुम्हाला. आता ते कायमचं तुमचं. म्हणजे... पेटीच्या चिठ्ठीवर ज्याचं नाव आहे, त्याचं."

घरी जाताना, बसच्या खिडकीला डोकं टेकून, त्याने आठवून पाहिलं. शेवटची थाप कधी आली? बारा दिवस झाले होते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. एकतीस वर्षं जो न चुकता मोजत बसला होता, तो आता झोपला होता. बायको यंत्राच्या भरवशावर होती आणि यंत्र दुसऱ्याला हवा देत होतं. पहाऱ्यावर कुणीच नव्हतं.

रात्रीची पाळी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला.

"आज जरा इथे बसतेस?" त्याने बायकोला विचारलं. "पूर्वीसारखी."

"आणि चाळीस गणवेश तुमचं शीतगृह शिवणार का? उद्या द्यायचेत. यंत्र काय शोभेला आणलंय?" तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "झोपा. किती छान झोपता हल्ली. मी दारातून ऐकते ना."

तिला खरं सांगायचं, तर अकरापासून सुरुवात करावी लागली असती. त्याने मान हलवली.

ती गेली. उशीवर मास्क होता, यंत्र सुरू होतं. आज हा आपण बांधायचा, असं ठरवून त्याने हात पुढे केला. मास्क कोमट होता. त्याने ओढून पाहिला, पण पट्टे ताणले गेले आणि मास्क जागचा हलला नाही. उशीला मध्यभागी खळगा होता. रॉकेलचा वास आला. श्वास चालला होता, संथ, भरलेला, पोटभर.

त्याने हात मागे घेतला. झोपलेल्या माणसाच्या तोंडातली हवा काढून घ्यायची? तीही डावऱ्याच्याच? पडल्या पडल्या जागं राहू, असं त्याने ठरवलं. एक दिवस तर जागायचं. पहाराच तो.

पुढच्या खोलीत मशीन सुरू झालं. खडखड, खडखड. पांढऱ्यावर पांढरं पडू लागलं. आणि मग त्याला जाणवलं, की आपला श्वास थांबलाय. भीती वाटली नाही. चौकीवरच्या सवयीने त्याने मोजायला घेतलं. एक. दोन. तीन.

सातावर मशीन थांबलं. बायको ऐकत होती. खोलीत एक श्वास निवांत चालला होता, आत, बाहेर, आत. तिने दाताने दोरा तोडल्याचा आवाज आला. मशीन पुन्हा सुरू झालं.

अकरा.

या वेळी त्याची मोजणी चुकली नाही. बारा. पंधरा. अठरा. एकोणीस.

वीस.

डाव्या खांद्यावर शर्ट तसाच होता, थंड, सपाट. शेजारी कुणीतरी झोपेत कूस बदलली आणि पलंग हलकेच करकरला.

एकवीस.