पान ब्याण्णव, पान त्र्याण्णव

“थांबा! काय करताय तुम्ही हे?”

मी दारातूनच ओरडले. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची ती दुरुस्तीची खोली... लांबलचक टेबल, खिडकीतून उतरणारा पांढरा उजेड, खळीचा आंबूस वास — आणि टेबलावर, अक्षरशः सोलून ठेवलेलं माझं पुस्तक. पुठ्ठे एकीकडे, पाठीचं कातडं दुसरीकडे, शिलाई उसवून सुटी केलेली पानं रांगेनं मांडलेली. तीन आठवडे मी त्याच्यासाठी या इमारतीच्या पायऱ्या झिजवत होते.

“जीव घेताय त्याचा!”

“वाचवतोय,” टेबलामागचा माणूस म्हणाला. “पण तुम्ही आणखी एकदा ओरडलात तर हात हलेल... मग मात्र जाईल.”

त्यानं मान वर केली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गालावर खळीचा वाळलेला ठिपका, आणि डोळ्यांत असं हसू, की माझा अर्धा राग तिथल्या तिथे विरघळला. उरलेला अर्धा मी हट्टानं धरून ठेवला.

“हे पुस्तक मला हवंय.”

“बसा ना. भांडायचं तर निवांत भांडू.”

मी बसले. का बसले, देव जाणे.

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होते. इतक्या बारीकसारीक चुका काढायचे, की ऑफिसात माझं नावच ‘स्वल्पविराम’ पडलं होतं. त्या वर्षी आम्ही कॉलेजांसाठी एक जुनी इंग्रजी शोकांतिका नव्यानं छापत होतो. नाटककार कधीच विस्मरणात गेलेला. अभ्यासक्रमाबाहेर ते नाटक कुणी हातातही धरत नसे. बंदराच्या सुभेदाराची मुलगी एका नावाड्याला वचन देते, बाप तिला कोंडून ठेवतो, ती विष घेते. पाच अंक ती कुणालाही भीक घालत नाही... आणि शेवटी अचानक, चार ओळींत बापाची क्षमा मागून मरते.

त्या चार ओळी मला खुपत होत्या. सगळं नाटक ताठ मानेनं चालतं, आणि नेमकं तिथेच लंगडतं. मी खोदत गेले. आज मिळणाऱ्या सगळ्या आवृत्त्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेल्या निघाल्या, आणि ती दुसरी आवृत्ती नाटककार गेल्यावर कुणीतरी ‘सुधारून’ काढलेली होती. त्याच्या हयातीतल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती फार थोड्या उरल्या होत्या. त्यातली एक माझ्यासमोर होती, उसवलेली.

हे सगळं मी त्या बाइंडरला एका दमात सांगितलं. तो कुंचला हातात धरून ऐकत राहिला. माझं असं पूर्ण वाक्य कुणी ऐकल्याला कितीतरी दिवस झाले होते.

“म्हणजे तुम्हाला ती मुलगी हवीय,” तो म्हणाला, “क्षमा मागायच्या आधीची.”

“तिनं मागितली, हेच मला पटत नाही.”

“मग हे बघा.” त्यानं पानांचा एक जुडगा माझ्यापुढे सरकवला. “हे एक्क्याण्णव. आता उलटा.”

मी उलटलं. पुढचं पान चौऱ्याण्णव होतं.

“फाटलंय?”

“फाटलं असतं तर सोपं होतं. चिकटवलंय. ब्याण्णव आणि त्र्याण्णव, समोरासमोर... तोंडाला तोंड लावून. चुकून नाही हं. तिन्ही कडांनी, अगदी नेटानं.” त्यानं कडेवरून बोट फिरवलं. “ज्यानं केलं त्याची खळ मात्र फर्स्टक्लास होती.”

मी पानांवर वाकले. “उघडतील?”

“उद्या या. ओल मुरायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर अक्षरंच उचलून येतात.”

“आणि नाही उघडली तर?”

“तर चहा पाजेन.”

“आणि उघडली तर?”

“तर... तुम्ही पाजा.”

दुसऱ्या दिवशी बाहेर बारीक पाऊस होता. त्यानं खिडकी लावून घेतली, ओलसर टिपकागद अलगद उचलला आणि हाडाची बोथट पट्टी पानांच्या फटीत सरकवली. “तो कोपरा धरा. ओढायचं नाही. नुसतं... सोबत राहायचं.”

मी कोपरा धरला. त्याची बोटं माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर, मग चार बोटं, मग त्याहून कमी. पट्टी केसाएवढी पुढे जायची आणि थांबायची. मी श्वास घेतला तरी आवाज होईल असं वाटत होतं. शेवटी एक हलकासा आवाज झाला, ओठ उघडावेत तसा, आणि दोन्ही पानं मोकळी झाली.

अडतीस ओळी. मी मोठ्यानं वाचायला लागले. सुभेदाराची मुलगी बापाला म्हणत होती : क्षमा मागायचीच असेल तर तुम्ही मागा. मी प्रेम केलं. त्याला गुन्हा हे नाव तुम्ही दिलंत. ते नाव मी घेत नाही... शेवटच्या ओळीला माझा आवाज फाटला.

“तू रडतेयस,” तो हळूच म्हणाला.

“नाही. चिडलेय.” मग माझ्या लक्षात आलं. “तुम्ही मला ‘तू’ म्हणालात?”

“चूक असेल तर दुरुस्त कर. तुझं कामच आहे ते.”

मी ती चूक तशीच राहू दिली.

पण बातमी वर पोचली, आणि दोनच दिवसांत आमच्या आवृत्तीचे संपादक स्वतः खाली आले. हे सर निवृत्तीला टेकलेले, शहरातल्या अर्ध्या प्राध्यापकांचे गुरू, ग्रंथालयाच्या समितीवरही होते. त्यांची पन्नास पानांची प्रस्तावना नायिकेच्या पश्चात्तापावरच उभी होती. त्यांनी दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“जसं होतं तसं बांधा,” ते बाइंडरला म्हणाले.

“म्हणजे चिकटवून?”

“जसं होतं तसं.”

“सर,” तो अगदी शांतपणे म्हणाला, “मी पुस्तकं दुरुस्त करतो. त्यांची तोंडं बंद करत नाही.”

त्यानं त्याच दुपारी ते पुस्तक शिवलं, दोन्ही पानं सताड उघडी ठेवून. आठवडा संपायच्या आत त्याचं ग्रंथालयातलं काम गेलं.

माझी पाळी सोमवारी आली. मालकांनी शेवटची प्रुफं पुढे टाकली. “सही कर. छपाई अडलीय.”

“अडतीस ओळी राहिल्यात.”

“कॉलेजं हेच पुस्तक वापरतात. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.”

“तिचं अडलंय.”

“कुणाचं?”

“जिच्या तोंडी खोटं घातलंय तिचं. निदान तळटीप तरी द्या.”

“सरांनी नको म्हटलंय. स्वल्पविरामानं स्वल्पविरामासारखं राहावं,” मालक हसत म्हणाले. “मध्येच पूर्णविराम द्यायला जाऊ नये.”

मी पेनाला टोपण लावलं. “मग आज देतेच,” म्हटलं, आणि पिशवी उचलून बाहेर पडले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घरी आईनं डोक्याला हात लावला. “माफी माग. मालक घेतील परत.”

“कशाबद्दल मागू?”

“ते मला काय माहीत? मागून टाक. तो बाइंडर तुला नडला बघ. स्वतःचं घालवलं, आता तुझंही.”

“माझं मी घालवलं, आई. त्याला कशाला श्रेय देतेस?”

आईनं फटकन् कपाट लावलं. त्या संध्याकाळी घरात भांडीच तेवढी बोलत होती.

आमची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्याच्या फोरमनकाकांनी मात्र मला निरोप पाठवला : रविवारी छापखाना बंद असतो, पण मी बंद नसतो. मी आणि तो बाइंडर, दोघं गेलो. मी त्या दिवशी उतरवून घेतलेल्या अडतीस ओळी काकांनी शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवल्या, आणि जुनं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन धडधडायला लागलं. मी कागद तपासायचे, तो दुमडायचा. आकार बरोबर आमच्या — त्यांच्या — पुस्तकाएवढा. कुणालाही त्या चार ओळींच्या पानाशी सरळ चिकटवता येईल असा.

“आयुष्यभर पानं सोडवली,” तो म्हणाला, “आता चिकटवायला लावतेयस.”

“तक्रार आहे?”

“एकच. तू फार दूर बसलीयस.”

फोरमनकाका मशीनच्या आवाजावर मोठ्यानं खाकरले. “मी इथेच आहे, बरं का!”

नवं पुस्तक सरांच्या कॉलेजात पोचलं त्या दिवशी आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो, हातात घड्या केलेले कागद घेऊन. वर एकच ओळ छापली होती : ‘तुमच्या पुस्तकातून गाळलेलं.’ पहिला तास कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एकजण म्हणाला, “कसली जाहिरात?” मग एका मुलीनं कागद घेतला, चालता चालता वाचला, थांबली, आणि परत आली. “आणखी आहेत? वर्गात पन्नासजण आहोत.” दुपारपर्यंत पायऱ्यांवर घोळके बसले होते. कुणीतरी त्या ओळी मोठ्यानं वाचत होतं, अडखळत, पण ताठ आवाजात.

सर बाहेर आले तेव्हा घोळक्यांनी वाट करून दिली. ते सरळ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. मी कागद पुढे धरला. त्यांनी तो घेतला. बराच वेळ वाचत राहिले, जणू त्या दिवशी तळमजल्यावर नुसती नजर फिरवली होती आणि खरं वाचन आज होतं.

“तीस वर्षं शिकवलं मी हिला,” ते म्हणाले. “आणि हिनं मला हे सांगितलंच नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत, सर,” मी म्हटलं.

ते दुखावले, ते दिसलं. मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. त्यांनी कागदाची नीट घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि निघून गेले. प्रस्तावना त्यांनी पुढे बदलली की नाही, मला माहीत नाही. मी वाट पाहत बसले नाही.

सगळे कागद संपले. फाटकाशी आम्ही दोघंच उरलो, हात एकदम रिकामे. त्या रिकाम्या हातांचं काय करावं, दोघांनाही कळेना.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता काय?”

“म्हणजे... मला एक सांगायचं होतं. पण आत्ता ना काम आहे, ना जागा. खोलीत दोन दाबयंत्रं आणि एक स्टूल. थोडं स्थिरस्थावर झालं की मग...”

“ओल मुरायला वेळ हवा, असंच ना?”

“तसंच काहीसं.”

“चांगली मुरलीय,” मी म्हटलं. “तुला जमत नसेल तर मी सांगते. मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आणि ते मी कुणापासून लपवणार नाहीये.”

त्याचे कान लालबुंद. “मी... हे मी इतकं सरळ म्हणू शकलो नसतो.”

“मग वाकडं म्हण. पण म्हण.”

“तू ओरडलीस ना, दारातून,” तो म्हणाला, “तेव्हा हात हललाच होता माझा.”

मी त्याचा हात धरला. रस्त्यावर, भर दुपारी, पायऱ्यांवरच्या पन्नास डोळ्यांसमोर. कुणीतरी शिट्टी मारली. मी सोडला नाही. वळणापर्यंत नाही, चौकात नाही, आमच्या गल्लीतही नाही. शेजारच्या काकू गॅलरीतून इतक्या वाकल्या, की मला त्यांची काळजी वाटली. तो दोनदा कुजबुजला, “अगं, घर आलं...”

“म्हणून तर.”

दार आईनं उघडलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आमच्या हातांकडे, आणि तिथेच थांबली. त्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला. मी घट्ट धरला.

“आई, हा जेवायला थांबणार आहे.”

“आज?”

“आजपासून.”

आईनं एक मोठा श्वास घेतला. मग दारातून बाजूला झाली, एवढीशी, जेमतेम दोन माणसं खेटून आत जातील इतकी.

“या,” ती त्याला म्हणाली, आणि बोट माझ्यावर रोखलं. “पण मी अजून हो म्हटलेलं नाही हं.”

“माहितीय,” मी म्हटलं. “आम्ही म्हटलंय.”