चौसष्टावी वही

जूनमधली दुपार होती. पेपर तपासायच्या खोलीला आमच्याकडे ‘कंट्रोल’ म्हणतात. दाराला सील, खिडक्यांना जाड पडदे आणि पंखा नुसता आवाजापुरता. तिसऱ्या वर्षाच्या प्रकाशिकीचा गठ्ठा घेऊन मी बसलो. एकतीस वर्षं हेच करतोय. आता वाचत नाही, नुसते डोळे फिरवतो.

यादीत त्रेसष्ट विद्यार्थी होते. वह्या भरल्या चौसष्ट.

“इनासबाई, एक जास्त आहे.”

कंट्रोलच्या प्रमुख इनासबाईंनी बोटाला थुंकी लावून भराभर मोजल्या. “त्रेसष्टच आहेत. वगदीसाहेब, एवढा चहा ढोसता, तरी झोपेतच!”

मी पुन्हा मोजल्या. चौसष्ट...

शेवटची वही हाताला ओलसर लागली. तिला खाऱ्या पाण्याचा वास होता. आमचं गाव नाईलच्या काठचं, समुद्र इथून आठ तासांवर. नावाचा कोपरा नेहमीसारखा दुमडून काळ्या कागदाने चिकटवलेला होता. मी वही उघडली. सगळी पानं कोरी.

कोऱ्या पानांनी मला एकदा फसवलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वह्या अरबी, उजवीकडून उघडतात. सामिह नावाच्या मुलाने पहिले प्रश्न तसेच लिहिले आणि शेवटचा मात्र इंग्रजीत, वही उलटी धरून डावीकडून. मी थकलेलो होतो. मधली कोरी पानं लागली तशी वही मिटली. मुलगा नापास झाला आणि ती त्याची शेवटची संधी होती. चूक मला निकालानंतर कळली. एक अर्ज केला असता तर सुधारता आली असती. पण चौकश्या, कमिट्या, खुलासे... मी मूग गिळून बसलो. सामिहचं नाव कॉलेजातून कटलं. तो इटलीला जाणाऱ्या होडीत चढला. होडी पोचली नाही. माझी मला लाज वाटते, पण तेव्हा मी गप्पच राहिलो.

मी वही उलटी करून डावीकडून उघडली.

शाई फुटली होती, तरी अक्षर लागत होतं. काचेतून पाण्यात शिरताना वाकणारा किरण, त्याचं गणित, शेवटचा आकडा. सगळं अचूक. खाली अरबीत एक ओळ होती, ‘डॉक्टरसाहेब, या वेळी वाचलंत ना?’

मी लाल पेनने वीसपैकी वीस दिले आणि खाली सही केली.

“अहो,” इनासबाई हळूच म्हणाल्या, “टेबलावर काय लिहिताय?”

निकालाच्या दिवशी फलकापुढे सामिहची आई उभी होती. मुलाचं प्रेत मिळालं नाही, म्हणून ती दर वर्षी येते. तिचं बोट यादीवरून खाली सरकलं, त्रेसष्टाव्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर थांबलं. मग तिने लग्नघरात बायका करतात तसा जीभ हलवून आनंदाचा आवाज काढला. अख्खा व्हरांडा वळून बघू लागला.

“पास झाला माझा लेक! मुबारक म्हणा ना, डॉक्टर!”

“...मुबारक.”

“आता म्हणतो, मास्टर्स करणार. तुमच्याच हाताखाली.”

दुःखाने बिचारीला वेड लागलंय, असं मी स्वतःला समजावलं. सगळा उन्हाळा समजावत राहिलो.

काल वर्ग सुरू झाले. सकाळी शिपाई शहाताकाकांकडे प्रयोगशाळेची किल्ली मागितली.

“ती तुमचा नवा पोरगा केव्हाच घेऊन गेला,” ते म्हणाले. “मी त्याला म्हटलं, साहेबांना आज तीन तास आहेत, उशीर होईल. तर म्हणाला, होऊ दे काका... मी थांबतो.”