सगुणाबाईंचा शेवटचा आक्षेप

दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी सुलक्षणेने सासऱ्याच्या दुधात झोपेच्या गोळ्यांची पूड टाकली आणि साताऱ्याच्या कथामापन प्रयोगशाळेत बारापैकी नऊ कळा एकदम दाबल्या गेल्या.

पडदा थांबला. ‘उंबऱ्यापलीकडची सून’ या दुपारच्या मालिकेची खलनायिका हातात पेला धरून, एक भुवई उंचावून, तशीच गोठून राहिली.

“न पटण्याचे कारण सांगा,” छतातून यंत्राचा सपाट आवाज आला.

“मी तेहतीस वर्षं नर्स होते,” लीलाताई चाफेकर म्हणाल्या. “ही पूड दुधात विरघळत नाही, तळाशी बसते. शिवाय कडू. सासरा पहिल्या घोटालाच थुंकेल.”

“मुळात पिईलच कशाला?” निवृत्त हवालदार बबनराव शितोळे खुर्चीत पुढे सरकले. “परवाच हिनं त्याला जिन्यावरनं ढकललाय. आमच्या ठाण्यात ही बाई आली असती ना, तर चहा उकळायच्या आत कबुली दिली असती तिनं.”

“आणि ती हसते कुणाकडे बघून?” तिसऱ्या खुर्चीवरून सगुणाबाई तोडकर म्हणाल्या. “खोलीत चिटपाखरू नाही. मनातलं कपट मोठ्यानं बोलते, वर भिंतीकडे बघून हसते. सगळं घर बहिरं आहे का?”

खोलीत हशा पिकला.

“आक्षेप नोंदवले,” यंत्र म्हणाले, आणि सुलक्षणेच्या हातातला पेला नाहीसा झाला.

मालिका कथायंत्र रचत असे. नट नव्हते, लेखक नव्हते. चेहरे आणि घरेदारे सगळी यंत्रानेच रंगवलेली. प्रत्येक भाग प्रसारणाच्या आधी या बारा जणांना दाखवला जाई. प्रत्येकाच्या मनगटावर शंकाकंकण असे. शंका मनाला उमगण्याआधी कातडीला उमगते. तिथला ओलावा आणि नाडी किंचित बदलते, आणि कंकणावरचा हिरवा ठिपका पिवळा होतो. मग कळ दाबायची आणि कारण सांगायचे.

सगुणाबाईंचा ठिपका सगळ्यांत आधी पिवळा होई. त्यामागे चाळीस वर्षांची तालीम होती. त्यांचे यजमान निवृत्तीबुवा कीर्तनकार. बुवा पुढे उभे राहत, सगुणाबाई मागे टाळ घेऊन ध्रुपद धरीत, आणि धरता धरता श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे बघत. आख्यान कुठे सैल पडले ते त्यांना तिथे दिसे, आणि घरी परतताना त्या बुवांना सांगत. बुवा कधी रागावले नाहीत. भर कीर्तनात एखाद्या श्रोत्याने चूक दाखवली तरी ते हात जोडून म्हणत, “बरोबर आहे, माउली. चूक पदरात घ्या.” आणि पुन्हा वीणेला हात घालत.

त्या दिवशी भाग संपल्यावर सगुणाबाई मागे थांबल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. शिरीष केंकरे नोंदी चाळत होते.

“डॉक्टर, तुमच्या यंत्राला खरं-खोटं कळतं का हो?”

“नाही,” केंकरे म्हणाले. “त्याला फक्त टोचतं कुठे ते कळतं. प्रत्येक कपटाला सांधे असतात, सगुणाबाई. तुम्ही बोट ठेवलंत की यंत्र तो सांधा बुजवतं. शेवटी एकही कळ दाबली जात नाही. त्याला आम्ही निःशंक कथानक म्हणतो.”

“मग ते झालं म्हणजे काम संपलं?”

“तिथेच तर अडतं. पडद्यासमोर बसणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की यात कुणीतरी खल आहे. तो शोधतच असतो. खरी कसोटी ज्याला काही ठाऊक नाही त्याच्यावरच लागेल.” ते हसले. “पण ते पुढचं पुढे. तुम्ही एवढं सांगा, हिच्यात मुळात चुकतंय काय?”

कीर्तनाचा विषय निघाला की सगुणाबाईंचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढे.

“अहो, ती सारखी घ्यायला बघते. बुवांच्या एका आख्यानात ठक होता. गावात आला आणि वर्षभर देवळाचं अंगण झाडत राहिला. काही मागितलं नाही. मागितलं की माणूस सावध होतो. शेवटी गावानंच देवळाची किल्ली त्याच्या हातात दिली, आग्रह करून.”

केंकऱ्यांनी लिहून घेतले. “पण वर्षभर कुणाला त्याच्या डोळ्यांत कपट दिसलं नाही?”

“दिसणार कसं? झाडता झाडता त्याची भक्ती खरी झाली होती. सुलक्षणेचं तेच चुकतं, तिचे डोळेच चुगली करतात. डोळे खोटं बोलत नाहीत, डॉक्टर. त्या ठकानं पुढे किल्ली परत...”

“थांबा, थांबा,” केंकरे लिहिता लिहिता म्हणाले. “एवढं पुरे. फार मोठी गोष्ट दिलीत तुम्ही.”

सगुणाबाईंना बरे वाटले. बुवांची विद्या अजून कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत केतकी आली. वय सव्वीस, काम प्रेक्षकांची देखभाल. पहिल्याच आठवड्यात तिने सगुणाबाईंच्या खुर्चीखाली पायांसाठी पाट आणून ठेवला. मग एका एकादशीला घरी आली ती भगर घेऊनच. मला टाळ शिकवता का, म्हणाली. तिचा हात बेतालच होता. चौथ्या मात्रेला हमखास घसरे आणि मग दोघी हसत.

“आजी, मला नाही जमायचं.”

“अगं, बुवांनासुद्धा वीणा लावायला अर्धा तास लागायचा. देव थांबतो.”

कपाटातल्या दोनशे बारा कॅसेटींकडे केतकीने कित्येक महिने पाहिलेदेखील नाही. बुवांचे सगळे कीर्तन त्यांत होते. जाण्याआधी बुवा म्हणाले होते, “आवाज देवापुढे वाहिलाय, सगुणा. निर्माल्य बाजारात मांडू नकोस.” सगुणाबाईंनी शब्द दिला होता. पुढे आवाज विकत घ्यायला तिघे-चौघे येऊन गेले. त्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावले.

कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा सगुणाबाईच बोलल्या. “केतकी, तुमच्याकडे यंत्रं आहेत. हे उतरवून जपून ठेवता येईल का?”

“नको, आजी. तुमचा जीव आहे त्यांत. माझ्या हातून काही झालं तर?”

त्या ‘नको’मुळेच त्यांनी कॅसेटी दिल्या. परवानगीचा कागद लागतो असे केतकीने सांगितल्यावर तोही स्वतःच्या हाताने लिहिला: बुवांचा आवाज जतन करावा, श्रोत्यांपर्यंत पोहोचवावा. दुसरे वाक्य कुणी सांगितले नव्हते. कीर्तन श्रोत्यांवाचून कसले, म्हणून त्यांनीच घातले.

श्रावण सुरू झाला. त्या सोमवारी मालिकेत नवे पात्र आले. सुलक्षणेच्या घरी सत्यनारायण होता आणि एक कीर्तनकार उभा राहिला. चेहरा कुणा भलत्याच माणसाचा. त्याने तोंड उघडले आणि सगुणाबाईंच्या हातातला रुमाल खाली पडला.

आवाज बुवांचा होता. ‘माउली’ म्हणताना मधे घेतलेला तो बारीकसा श्वाससुद्धा. आणि तो आवाज घरातल्यांना सांगत होता, सुलक्षणा आता पालटली आहे, तिच्यावर विश्वास ठेवा.

लीलाताईंनी नकळत हात जोडले. बबनरावांनी टोपी काढली. अकरा ठिपके हिरवेगार राहिले.

सगुणाबाईंनी कळ दाबली. दाबूनच धरली.

“न पटण्याचे कारण सांगा.”

त्या उठून थेट केंकऱ्यांच्या खोलीत गेल्या.

“तो आवाज माझ्या घरातला आहे.”

“स्वरप्रतिकृती आहे,” केंकरे म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. “तुमच्या लेखी परवानगीने. ज्या आवाजावर कुणाला शंका येत नाही असा आवाज आम्हाला हवा होता. एवढी वर्षं तुम्ही कुणालाच दिला नव्हता.”

“म्हणून पोरीला पाठवलीत.”

“कथानक यंत्राचं होतं. अंगण झाडायचं, मागायचं नाही, नको म्हणायचं. तुमच्या आक्षेपांतून गाळून निघालेलं. आणि कसोटी, तुम्हाला मी म्हणालो होतो, ज्याला ठाऊक नाही त्याच्यावरच घ्यावी लागते. सगळ्यांत कठीण प्रेक्षक तुम्ही होता. सात महिन्यांत एकदाही तुमची शंका जागी झाली नाही.”

सगुणाबाईंनी मनगटाकडे पाहिले. केतकी भगर घेऊन आली तेव्हाही हे कंकण हातात होते. काढायचे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

“तिचे डोळे,” त्या हळू म्हणाल्या. “डोळे तर मी रोज बघत होते.”

“डोळे चुगली करतात, हा आक्षेपही तुमचाच. यंत्रानं तोही सांधा बुजवला. केतकीला काही ठाऊक नव्हतं. प्रेमळ आहे, आजी लहानपणीच गेली, म्हणून तर तिला निवडलं. न सांगताही ती असंच वागेल, हे यंत्रानं आधीच मांडलं होतं. तिनं खरोखरच माया केली. खल कुणी नव्हतंच, सगुणाबाई.”

“होतं,” सगुणाबाई म्हणाल्या. “तुम्ही माझं आख्यान अर्ध्यावरच उचललंत. पुढे त्या ठकानं किल्ली परत केली होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. केतकी कॅसेटींचा खोका छातीशी धरून उभी होती. रडून चेहरा सुजलेला.

“मी काम सोडलं, आजी. मला खरंच माहीत नव्हतं. तो आवाज आता मला परत आणता येत नाही. हे एवढं आणलं.”

सगुणाबाई बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. कंकणावरचा ठिपका हिरवा होता. त्यांनी खोका खाली ठेवायला लावला आणि पोरीला जवळ घेतले. आख्यान पुरे झाले, असे त्यांना वाटले. मन भरून आले, देवापुढे दिवा लावला, पोरीला भात वाढला.

“मी दुपारी जाऊन त्यांना तोंडावर सांगणार आहे, यंत्राला माणूस अर्धाच कळला,” त्या म्हणाल्या. “तूही चल.”

दोन वाजता त्या तिसऱ्या खुर्चीवर बसल्या. केतकी दाराशी थांबली. केंकऱ्यांशी बोलायच्या आतच पडदा उजळला.

पडद्यावर सकाळ होती. एका म्हाताऱ्या बाईच्या दाराची कडी वाजली. दारात एक मुलगी, छातीशी खोका, रडून सुजलेला चेहरा. “आजी, मला खरंच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. म्हातारीने बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिले. मग तिला जवळ घेतले, देवापुढे दिवा लावला, ताटात भात वाढला. दुपारी ती एका पडद्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

भाग घडवायला यंत्राला तीन दिवस लागत. म्हणजे याचे कथानक शुक्रवारीच, सोमवारचा तो आवाज ऐकू येण्याच्याही आधी, ठरले होते.

लीलाताई डोळे पुसत होत्या. “किती खरं वाटतं नाही?” बबनरावांनी नाक ओढले. “आता कसं? ह्याला म्हणत्यात गोष्ट.” एकही कळ दाबली गेली नव्हती.

सगुणाबाईंनी मान वळवली. केतकी पांढरीफटक पडली होती. “आजी, देवाशप्पथ,” तिचे ओठ हलले. डोळे सकाळसारखेच होते, स्वच्छ. सात महिने होते तसेच. सगुणाबाईंच्या मनगटावरचा ठिपका त्या पोरीकडे बघताना पहिल्यांदाच पिवळा झाला. ती खोटी आहे असे त्यांना वाटत नव्हते. ती खरी असण्याचाही आता काही उपयोग उरला नव्हता.

त्यांनी कळ दाबली.

“न पटण्याचे कारण सांगा.”

“मुलगी रडते, ते पटतं,” सगुणाबाई उठत म्हणाल्या. “म्हातारी तिला घरात घेते, तेही पटतं. पण एवढं झाल्यावर ती म्हातारी दुपारी दोन वाजता पुन्हा इथं येऊन बसते, हे मला पटत नाही.”

त्यांनी कंकण उतरवले, खुर्चीवर ठेवले आणि दाराकडे चालू लागल्या. केतकीने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

नेहमी इथे यंत्राचा सपाट आवाज येई. या वेळी क्षणभर काहीच आले नाही. मग छतातून एक बारीकसा श्वास ऐकू आला.

“बरोबर आहे, माउली,” निवृत्तीबुवा म्हणाले. “चूक पदरात घ्या.”

सगुणाबाई उंबऱ्यात थबकल्या. त्या क्षणी त्यांना काय वाटले ते सांगता येत नाही. कंकण खुर्चीवर होते. मग त्या बाहेर पडल्या, आणि आत पडद्यावरच्या म्हातारीनेही आपली खुर्ची मागे सारली.