शंभराव्या मीटरवरचा उंबरा

चंचलने दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक तरुण गुडघे टेकून बसलेला. हातात मोजायच्या टेपचं टोक, शर्टावर खडूची पांढरी बोटं, आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद.

"भरले!" तो ओरडला. "शंभर मीटर बरोबर इथे भरले!"

"हळू!" चंचलने ओठांवर बोट ठेवलं. "आप्पा झोपलेत."

"भर दुपारी?"

"रातपाळी आहे."

त्याने जीभ चावली. मग इतक्या हळू बोलला, की तिला वाकावं लागलं. "शाळेच्या फाटकापासून धावायला सरळ अशी ही एकच गल्ली आहे. ती तुमच्या दारात संपते. यात माझा काय दोष?"

"दोष कोण देतंय? पण उंबऱ्यावर रेघ मारलीत, ती पुसणार कोण?"

"ती नाही पुसायची... ऑलिम्पिक होईपर्यंत तरी." आणि तो हसला. चंचललाही हसू आलं, पण तिने ते ओठातच दाबलं. आत आप्पा झोपले होते ना!

साल शहाण्णव, जूनअखेर. हा ललित, सुरतेच्या डिंडोलीतल्या मराठी शाळेत नुकताच लागलेला. चंचलही त्याच शाळेत शिकवायची; पण ती सकाळच्या सत्रात आणि तो दुपारच्या. सातवीच्या वर्गातल्या एकाच खुर्चीवर ती बारापर्यंत बसायची आणि साडेबारापासून तो. फळ्यावरच्या अक्षराने दोघं एकमेकांना ओळखत होते, चेहऱ्याने मात्र नाही.

चंचलचे वडील दगा आप्पा शिरपूरकडून आलेले, वीस वर्षं लूमवर, यंत्रमागावर. बारा तासांचं काम, आणि दर पंधरवड्याला पाळी बदलायची. घराचा कायदा त्या पाळीवर ठरलेला. रातपाळी असली की दिवसा घरात भांडं वाजायचं नाही. आप्पा चादर डोक्यावरून घेऊन एका भिंतीशी झोपायचे, दुसऱ्या भिंतीशी आई, धुरपदाबाई, साड्यांना लेस लावत बसायची. भांडण असो, लग्न असो, कोणाचं आजारपण असो, सगळं बोलणं दिवसपाळीसाठी राखून ठेवायचं. लूमवर डुलकी लागली तर बोट जातं. म्हणून दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या कानावर काही घालायचं नाही. डिंडोलीत घरोघरी असंच होतं.

त्या जुलैत ललितने शाळा डोक्यावर घेतली. अटलांटाला ऑलिम्पिक भरणार, तर इथल्या पोरांनी नुसती पदकं का मोजायची? प्रत्येक पोराने एक देश घ्यायचा. त्याची राजधानी, नद्या, तिथे काय पिकतं ते शोधायचं. गल्लीत शंभर मीटर धावायचं, आधी आणि नंतर मनगटावरची नाडी मोजायची, झालं विज्ञान. धावायला लागलेला वेळ लिहायचा. दशांश अपूर्णांक आपोआप आले. मराठीच्या तासाला आपल्या देशाच्या खेळाडूने आईला लिहिलेलं पत्र. एका पोरीने केनियाच्या धावपटूच्या नावाने लिहिलं, 'आई, इथे भाकरी मिळत नाही, पण माझी तब्येत बरी आहे.'

वेळेच्या फरकाशी मात्र ललितची गाडी अडली. अटलांटा आपल्या साडेनऊ तास मागे, हे पोरांच्या गळी उतरेना. दुपारी बारा वाजता, खुर्ची एकाने सोडायची आणि दुसऱ्याने धरायची त्या वेळी, चंचलने खडू उचलला.

"तुमच्यापैकी कोणाचे पप्पा रातपाळीला आहेत?" अर्धा वर्ग उभा राहिला. "मग सोपं आहे. अटलांटा म्हणजे रातपाळीचं गाव. आपण उठून दात घासतो, तेव्हा ते अंथरूण घालतं."

सगळा वर्ग एका आवाजात 'हां!' म्हणाला. ललित दारात उभा राहून बघत होता. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "बाई, मला पण शिकवा ना."

"काय?"

"काहीही... तुम्ही शिकवाल ते."

चंचलचे कान लाल झाले. खडू पुसायला हात झटकला, तर सगळी भुकटी त्याच्याच शर्टावर!

झेंडे शिवायला साड्यांचे उरलेले तुकडे धुरपदाबाईकडे गाठोडंभर होते. पुन्हा रातपाळी लागली, आणि ललित रोज बारानंतर, शाळेआधीचा अर्धा तास, तुकडे निवडायला येऊ लागला. धुरपदाबाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "हाऊ कोन शे?" आणि "शाळामाना मास्तर" एवढ्या उत्तरावर ती पुन्हा लेसकडे वळली. मग दोघं उंबऱ्याशी बसून कुजबुजायची. चार हातांवर आप्पांची चादर वरखाली होत असायची.

"हा जपानचा. लाल गोल जरा मोठा झाला."

"होऊ दे. तुमच्या कुंकवाएवढा करा मग."

"हळू बोला!"

"याहून हळू बोललो तर तुम्हाला ऐकू कसं येईल?... अजून जवळ सरकू?"

ललितने एक वही घातली होती, चौथ्यांची वही. पदकं पेपरात येतात, चौथा कुठेच येत नाही. मग पोरांनी त्याचं नाव शोधून लिहायचं. तिसऱ्यात आणि चौथ्यात कधीकधी सेकंदाचा शंभरावा भाग असतो, हे सांगताना त्याचा आवाज जड व्हायचा. चंचलला तो माणूस त्या वहीमुळेच आवडला. खरं सांगायचं तर फार आवडला. सकाळी खुर्चीवर बसताना ती आता लाजायची, आणि स्वतःलाच हसायची.

शुक्रवारी तुकडे निवडता निवडता ललितचा हात थांबला.

"चंचल... या रेघेपर्यंत रोज येतो. मला आत यायचंय. आप्पांशी बोलू?"

तिने मान खाली घातली. मग हळूच हो म्हणाली. "पण आज नाही. शनिवारी शेवटची रातपाळी. सोमवारी दिवसपाळी लागेल. संध्याकाळी ते ताजे असतात, तेव्हा मीच सांगते."

"सोमवारपर्यंत? एवढे दिवस?"

"तीनच तर दिवस! आमच्यात झोपेतल्या माणसाला असलं सांगत नाहीत."

ललितही लूमवाल्याच्याच घरातला. त्याने मान डोलावली.

रविवारी पेपरात ठळक अक्षरात आलं, टेनिसमध्ये भारताला कांस्य. गल्लीत पोरं नाचत होती. ब्राझीलवाला चौथा आला होता. ललितच्या वहीत त्याचं नाव लागणार होतं. दुपारी आप्पा गलक्याने उठले, माठाशी जाऊन पाणी प्याले, आणि पेला हातात धरून तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तुले काही सांगनं शे का, माय?"

शब्द चंचलच्या ओठांवर आले होते. पण त्यांचे डोळे लालभडक होते. एकच झोप तर उरली होती!

"काही नही, आप्पा. झोपा तुम्ही."

आप्पांनी पेला माठावर ठेवला. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी ते कपडे करून कडोदऱ्याला गेले आणि दिवेलागणीला नारळ घेऊन परतले. "सुपारी फुटनी," त्यांनी धुरपदाबाईला सांगितलं. चंचलचं लग्न ठरलं होतं, सुकदेवकाकाच्या मुलाशी, महेशशी. सुकदेवकाका म्हणजे कडोदऱ्यात राहणारे, आप्पांच्या शेजारच्या लूमवरचे. दोन वर्षांमागे प्लेगने निम्मी सुरत पळाली, तेव्हा तापाने फणफणलेल्या आप्पांना टेम्पोत घालून त्यांनी स्वतःच्या घरी नेलं होतं. बायकोपोरं दूर ठेवून आठ दिवस उशाशी बसले होते. महिनाभर ते या स्थळाचं उत्तर मागत होते, आणि आप्पांनी आज दिलं.

चंचलला रडूही आलं नाही. राग आला, आप्पांचा नाही, आपल्या शहाणपणाचा. सबंध वर्गाला वेळेचा हिशेब शिकवला, आणि स्वतःची वेळ एका दुपारसाठी घालवली.

सोमवारी बाराला शर्यत होती. दोन्ही सत्रांची पोरं, सदऱ्यांना साडीचे झेंडे टाचलेले, फाटकापासून चंचलच्या उंबऱ्यापर्यंत धावली. रेघेशी फीत धरून ती उभी होती. केनियावाली पोरगी पहिली आली. चौथा आलेला हमसून रडत होता. ललितने त्याचं नाव वहीत लिहिलं, पाठ थोपटली आणि हसत तिच्याकडे आला.

तिने सांगितलं. आप्पा कामावर होते, आई लेसच्या साड्या पोचवायला गेलेली. घरात झोपलेलं कोणी नव्हतं, तरी दोघं कुजबुजतच बोलली.

"त्यांनी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"आणि तू...?"

"म्हटलं, झोपा."

ललितने वहीचं पान बोटाने दुमडलं. "आज संध्याकाळी बोल," म्हणाला. "लग्न लागलेलं नाही अजून. मी शाळेत थांबतो. हो म्हणाले तर ये... मी लगेच पाया पडायला येतो."

"बोलते," चंचल म्हणाली. आणि ती बोलणारच होती. दिवसभर तिने वाक्यं जुळवली.

आठ वाजता आप्पा आले. सदरा काढून खुंटीला लावला. सुकदेवकाकांनी लूमच्या खात्यात पेढे वाटले होते. आप्पांच्या खिशातून दोन निघाले, ते त्यांनी ताटलीत ठेवले, पण तिच्यापुढे केले नाहीत. खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"चंचल, मन्हा कान काय झोपेल व्हतात का?"

तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"पंधरा दिन मी समदं आयकं. पोऱ्या चांगला शे. तू सांगशी म्हनीसन वाट दखी. काल इचारं बी. तू नही म्हनी... मन्हा मनमा उनं, पोर नही म्हनत शे, मग नहीच."

धुरपदाबाईची सुई थांबली होती.

"आते बी बोल. मी सकाळे सुकदेवले सांगसू." शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फुटला.

चंचलने त्यांच्याकडे पाहिलं. उद्या सकाळी सात वाजता हा माणूस त्या लूमपाशी उभा राहणार. दोन हातांवर सुकदेवकाका. रोज बारा तास, चहा एकाच किटलीतून. ज्याने मरणातून ओढून काढलं, त्याच्या तोंडावर सुपारी परत करायची. आणि मग दिवसपाळी काय नि रातपाळी काय, मान वर करायची नाही. ते करतील, हे तिला ठाऊक होतं. तिच्यासाठी ते नक्की करतील. म्हणूनच तिने जुळवलेलं एकेक वाक्य सोडून दिलं. तिकडे शाळेच्या पायरीवर ललित वाट बघत होता. मध्ये शंभर मीटर होते, त्यानेच तिच्या उंबऱ्यापर्यंत मोजलेले.

"काही नही, आप्पा," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

नुकतेच आठ वाजून गेले होते. जेवणं व्हायची होती. तरी आप्पा उठले, भिंतीशी जाऊन आडवे झाले आणि त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.