घसरगुंडीतल्या गांधीलमाश्या

"थांबा! आत यायचं नाही!"

दिशा इतक्या जोरात ओरडली, की फाटकातला माणूस एक पाय आत आणि एक बाहेर असा जागीच थबकला. पाठीवर फवारणीचा पंप, गळ्यात लोंबणारा मास्क, हातात पितळी नळी... आणि डोळ्यांत शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा गोंधळ.

"मॅडम, औषध मारायला आलोय. ऑर्डर आहे."

"कुणाची?"

"तुमच्याच कमिटीची."

दिशानं मागे पाहिलं. अंगणात बावीस पोरं होती. दोघं वाळूत पाय खुपसून बसलेली, एक जण झोक्याची साखळी चाखत होता, आणि दीड वर्षाचा गोटू नुकताच उचललेला खडा तोंडात घालायच्या बेतात होता. तिनं धावत जाऊन तो खडा काढून घेतला आणि तशीच परत फाटकात येऊन उभी राहिली. खडा तिनं त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे बघितलंत? इथली प्रत्येक वस्तू दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडात जाते. त्यावर तुम्ही औषध मारणार?"

त्यानं खड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग हळूच पाऊल मागे घेतलं, पंप उतरवला आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला.

"मला सांगितलं हुतं, मोकळं मैदान आहे," तो म्हणाला. "पोरं असतील हे कुणी बोललं न्हाई."

हे सुप्याचं पाळणाघर होतं. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी साडेसातला पोरांना इथं सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात. दिशा पठारे तीन वर्षांपासून ते सांभाळत होती. मदतीला होत्या आक्काबाई. स्वयंपाक त्यांचा, धाकही त्यांचा. काल, सोमवारी, चार वर्षांची चिऊ अंगणातल्या घसरगुंडीवर चढत होती. तिथं तिला गांधीलमाशी चावली होती. हाताचा पंजा टम्म फुगला, दवाखान्यात न्यावं लागलं. चिऊची आई सुरेखा पॅकिंगच्या कामावरून तशीच धावत आली आणि फाटकातच पाळणाघराच्या कमिटीला फोन लावून म्हणाली, "एक तर माश्या मारा, न्हाईतर अंगणाला कुलूप घाला." कमिटीनं कुणाला न विचारता फवारणीवाल्या एजन्सीला कळवून टाकलं होतं.

"मग आता काय करता?" दिशानं विचारलं.

"साडेपाचला येतो. पोरं गेल्यावर. पंप न आणता." तो जायला वळला, मग थांबला. "माझं नाव अंगद. तुम्ही विचारलं नाही, पण ओरडायला बरं पडेल."

आक्काबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "माणूस बरा दिसतुया."

"आक्काबाई, डाळ करपतेय."

"डाळ कवाच उतरवली म्या. तुजं लक्ष कुठं हाय?"

साडेपाचला तो खरंच आला. हातात एक टॉर्च आणि लांब काडी, बस्स. अंगणभर तो उकिडवा बसत, वाकत, भिंतीला गाल लावून बघत फिरला. दिशा मागे मागे. ते अंगण ती रोज स्वतः झाडून घ्यायची. त्यामुळे त्यात काही सापडणार नाही, अशी तिची खात्री होती.

"हे बघा." झोक्यासाठी टांगलेल्या टायरमध्ये त्यानं काडी बुडवली. आत ओंजळभर पाणी होतं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. "डासांचा पाळणा. तुमच्याइतकीच गर्दी आहे इथं."

दिशाचे कान गरम झाले.

"हा कचऱ्याचा डबा. झाकण नाही. आत आंब्याच्या रसाची रिकामी पाकिटं, केळ्याच्या साली. गांधीलमाशीला गोड लई आवडतं. अन् भिंतीला टेकून हे गवत, त्यातनं मुंगळ्यांची वाट थेट तुमच्या बिस्किटांच्या डब्यापर्यंत..."

"म्हणजे सगळी चूक माझीच?"

तो उठून उभा राहिला. हात झटकले. "चूक नाही म्हणत. पाहुण्यांना तुम्ही बोलावलंत, एवढंच म्हणतोय. आता फक्त जेवायला वाढायचं नाही."

ती हसणार नव्हती. तरी ओठांचा एक कोपरा हललाच... आणि त्यानं तो पाहिला.

"पण माश्यांचं घर कुठंय?" तिनं घाईनं विचारलं. "कडुनिंबावर तर नाही. मी रोज बघते."

तो घसरगुंडीपाशी गेला. शिडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळीचे कठडे होते. त्यांची वरची टोकं उघडी. तो गप्प उभा राहिला आणि तिलाही खूण केली. दोघं शेजारी शेजारी, श्वास धरून. मिनिटाभरात एक पिवळी माशी आली, डाव्या नळीच्या तोंडावर बसली आणि आत शिरली. मग दुसरी. मग तिसरी.

"पोरं जिथं हात धरतात, बरोबर तिथं," दिशा कुजबुजली.

"कितीही फवारलं असतं तरी आत पोचलं नसतं. खाली वाळूत मात्र भरपूर पडलं असतं."

त्यानं ऑर्डरच्या कागदावर लिहिलं : फवारणीची गरज नाही. सही केली. आणि पेन खिशाला लावताना क्षणभर थांबला, जणू या सहीचं पुढं काय होणार हे त्याला ठाऊक होतं.

कमिटीनं सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी पालकांची बैठक. तोवर घसरगुंडीला दोरी बांधायची, आणि पालकांना पटलं नाही तर अंगण बंद. बावीस पोरं दिवसभर दोन खोल्यांत.

मग रोज संध्याकाळी साडेपाचला अंगद यायचा. बुधवारी पायानं उघडणारा झाकणाचा डबा घेऊन आला. गुरुवारी दोघांनी भिंतीलगतचं गवत वीतभर रुंद काढून तिथं खडी पसरली. शुक्रवारी टायरला खालून भोकं पाडली आणि खिडक्यांना जाळी ठोकली. मुंगळ्यांसाठी त्यानं पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, बारीक भोकांच्या कुलूपबंद डबीत औषधाचं आमिष ठेवलं आणि डबीची किल्ली दिशाच्या हातात दिली.

"ही तुमच्याकडेच राहू द्या."

"विश्वास ठेवताय?"

"खडा दाखवून माणसाला परत पाठवणाऱ्या बाईवर नाही ठेवायचा, तर कुणावर?"

"मी बाई नाही हं. सव्वीसची आहे."

"मग काय म्हणू?"

दिशा किल्लीकडे बघत राहिली. "...मॅडमच ठीक आहे. सध्या."

त्या 'सध्या'वर तो गाडीला किक मारेपर्यंत हसत होता. आणि ती, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत, जाळी नीट बसली आहे का हे उगाचच तपासत होती.

नळीतलं घर काढायला रविवारची पहाट ठरली. गार हवेत माश्या सुस्त असतात, आणि रविवारी पोरं नसतात. "तुम्ही येऊ नका," असं त्यानं तीनदा बजावलं होतं. साहजिकच ती त्याच्या आधी हजर होती, स्वेटर घालून, आक्काबाईंना सोबत घेऊन.

नोव्हेंबरचा वारा पठारावरून नुसता सुटला होता. लांब डोंगरावर पवनचक्क्यांची पाती फिरत होती, नुकतंच उजाडत होतं. अंगदनं डोक्यावर जाळीची टोपी घातली आणि दुसरी दिशाच्या डोक्यावर ठेवली. गाठ बांधताना त्याची बोटं तिच्या हनुवटीला लागली. गार होती. दोघांनीही लागलीच दुसरीकडे बघितलं.

"आटपा लवकर," ओट्यावरून आक्काबाई म्हणाल्या. "माश्या जाग्या व्हायच्या."

साबणाचं पाणी त्यानं नळीत ओतलं, एका झटक्यात बोळा दाबला आणि थांबला. आत गुणगुण उठली... कमी झाली... थांबली. मग तारेनं घर ओढून काढलं, कागदासारखं करडं, मुठीएवढं. आक्काबाईंनी ते पिशवीत बांधलं. दोन्ही नळ्यांच्या तोंडांवर त्यानं रबरी बुचं ठोकून बसवली, झोक्याच्या खांबांवर, जंगलजिमच्या प्रत्येक टोकावरही.

शेवटचं बूच बसवून त्यानं टोपी काढली, आणि कुठून तरी उरलेली एक माशी थेट त्याच्या भुवईवर डसली.

"आई गं!"

दिशानं त्याला ओट्यावर बसवलं. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून भुवईवर धरला. एवढ्या जवळून तिनं त्याला आजवर बघितलं नव्हतं. एक डोळा सुजत चाललेला, दुसरा तिच्याकडे लागलेला.

"एवढं सगळं कशाला केलंत?" तिनं विचारलं. "फवारून गेला असतात तर दहा मिनिटांचं काम."

त्यानं नजर झोक्याकडे वळवली. "आम्ही पाथर्डीकडचे. आई-बाप दर साली ऊसतोडीला जायचे, आमालाही न्यायचे. फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधायची, त्यात माझी धाकटी बहीण. मी सहा वर्षांचा, तिला राखायला. एकदा मी खेळत बसलो आणि झोळीत मुंगळे चढले. तिचं अंग असं झालं हुतं..." त्यानं हात उघडून दाखवला आणि मिटला. "ती आता नर्सिंगला आहे. चांगली दणकट, मला दम देती. पण ते रडणं अजून कानात आहे. तुम्ही खडा घेऊन उभ्या राहिलात ना, तेव्हा वाटलं, आमच्या फडावर असं कुणी असायला पाहिजे हुतं."

दिशाच्या हातातला बर्फ वितळून मनगटावरून ओघळत होता.

"रडताय का तुम्ही?"

"माशी चावली मला."

"कुठं?"

"तुम्हाला काय करायचंय?" ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. आक्काबाई उगाचच खोकल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

सोमवारची बैठक सकाळी, पोरांना सोडायच्या वेळी, अंगणातच झाली. सुरेखा सगळ्यांत आधी उठली. चिऊ तिच्या कडेवर, हाताची सूज उतरलेली.

"औषध मारलं का न्हाई, येवढंच सांगा."

"नाही मारलं," दिशा म्हणाली. तिनं करडं रिकामं घर सगळ्यांना दाखवलं, नळ्यांची बुचं दाखवली, डबा, खडी, जाळी. "कधी खरंच गरज लागली तर औषधही वापरू. पण शनिवारी संध्याकाळी, पोरं गेल्यावर, खेळणी झाकून. आणि दोन दिवस आधी फाटकावर पाटी लावून, म्हणजे तुम्हाला कळेल. तुम्हाला न विचारता इथं काहीही फवारलं जाणार नाही."

चिऊ आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली, दोरी सोडलेल्या घसरगुंडीची शिडी चढली, बुचावर हात ठेवून वाकून बघितलं आणि "घर बंद!" असं ओरडून सुर्रकन खाली आली. सुरेखा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग सगळेच.

अंगण उघडं राहिलं. एवढंच नाही, दर महिन्याला एकदा अंगदकडूनच तपासणी करून घ्यायची, असंही ठरलं. त्या संध्याकाळी दिशानं साडेपाचपर्यंत त्याची वाट पाहिली. मग सहापर्यंत. मग फोन केला.

"संगमनेरला आहे," पलीकडून तो म्हणाला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "बदली झाली, आजच हजर झालो. दूध संघाच्या गोदामांचं काम."

"त्या सहीमुळे?"

"साहेब म्हणाले, फवारायला पाठवलं की फवारून यायचं. असू द्या हो. इथंही माश्याच आहेत. तुमच्यापेक्षा कमी ओरडतात."

तिला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती रिकाम्या अंगणात बराच वेळ बसून राहिली. अंगण एवढं मोठं आहे, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

दोन आठवड्यांनी, रविवारी, दुपारी साडेबाराला दिशा दोन एसट्या बदलून संगमनेर स्टँडवर उतरली. हिरवा ड्रेस, केसांत शेवंती, हातात एक पाकीट. फोनवर ठरल्याप्रमाणे अंगद चौकशी खिडकीपाशी उभा होता. तिला पाहून तो इतका गडबडला की हातातला चहा शर्टावर सांडला.

"कमिटीचं पत्र आहे," दिशा घाईघाईनं म्हणाली. "दर महिन्याच्या तपासणीचं. एजन्सीनं तुम्हालाच पाठवावं म्हणून."

त्यानं पत्र उघडलं, वाचलं, घडी घातली. "व्हॉट्सॲपवर पाठवता आलं असतं."

"आलं असतं."

"साडेचार तास लागले असतील."

"पाच."

स्टँडवर गाड्या लागत होत्या, कुणी कोपरगावची विचारत होतं, कुणी अकोल्याची. ते दोघं मध्येच उभे होते आणि लोक वळसा घालून जात होते.

"महिन्यातून एकदा येईन तपासणीला," तो सावकाश म्हणाला. "पण महिन्यात रविवार चार असतात. बाकीचे तीन मी कुठल्या कामानं येऊ, ते सुचत न्हाई. दिशा... तुम्हाला सुचतंय का काही?"

'मॅडम' गळून पडलं होतं. तिनं ते ऐकलं, आणि सगळ्या प्रवासात पाठ केलेलं वाक्य विसरून गेली.

"घरी काय सांगून आलात?" त्यानंच विचारलं.

"खरं तेच सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे..." दिशानं एक मोठा श्वास घेतला. "आईला म्हटलं, मला एक माणूस आवडलाय. त्याला विचारायला चाललेय. तो हो म्हणाला, तर पुढच्या रविवारी जेवायला घेऊन येईन."

अंगदनं शर्टावरचा चहा पुसायचा सोडून दिला.

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तिखट खातो का विचारून ये."

"खातो," तो म्हणाला. "आणि हो. आधी हो लिहून घ्या. तिखटाचं नंतर."